दोन बाणांचा दगड

करडगावात कुणालाही विचारा, कोंडाबाई सोनकांबळे कशी होती, तर पहिला शब्द येईल ‘रागीट’. सांगणारा वर हसेलही. ज्यांच्या दारात नळ आला, त्यांना दुसऱ्याच्या रागावर हसायला काय जातं! ती का रागावली होती, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेत नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. कोंडाबाई दहा वर्षं एका विहिरीवर रागावलेली होती. ती विहीर सरकारच्या कागदावर होती आणि तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता.

करडगाव धर्माबादपासून तीन कोसांवर. लातूरकडच्या माणसाला इथला दगड दाखवला तर तो नाक मुरडतो. त्याच्याकडे सगळा काळा पाषाण, थरावर थर आडवा रचलेला. इकडे जमीन उकरली की तांबूस-करडा, पट्ट्यापट्ट्यांचा दगड निघतो. एक पट्टा पांढरा, एक काळा, मध्येच चमकणारा अभ्रक, जुनी घोंगडी उलगडून ठेवावी तसा. गावाच्या पश्चिमेला बौद्ध वस्ती, वस्तीला लागून दगडाची खाण. कोंडाबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी या खाणीवर खडी फोडायला बसली. तिच्या माहेरी किंवा सासरी कुणी कधी दगडाला हात लावला नव्हता. तिला हे काम पोटानं शिकवलं आणि चांगलं शिकवलं.

खडी फोडणारं माणूस दोन प्रकारचं असतं. एक नुसता हातोडा आपटतं आणि दुपारपर्यंत खांद्यातून जातं. दुसरं आधी दगड फिरवून बघतं. पट्टा कुठून कुठं गेलाय, अभ्रकाचा पापुद्रा कोणत्या अंगाला आहे, हे बघून मारलं की दगड स्वतःहून सुटतो. आडवा मारला की हातोडा उसळून कपाळावर येतो. कोंडाबाई म्हणायची, “दगडाला पोत असतो. लुगड्याला असतो तसा. उभ्या धाग्यानं फाडलं की फाटतं.” बाकीच्या बायका तिच्याकडून अवघड धोंडे फोडून घ्यायच्या. ती शिव्या देत देत फोडून द्यायची.

बहात्तर सालचा दुष्काळ आला तेव्हा तिचं वय पस्तिशीचं असेल. खाणीवर सरकारी काम निघालं आणि अख्खी वस्ती हजेरीपटावर चढली. पाण्याचे हाल तर विचारू नका. गावाच्या विहिरीला पाणी होतं, पण तिथली पद्धत अशी की वस्तीच्या बाईनं पायरीखाली घागर धरून उभं राहायचं आणि वरच्या बाईला वाटलं तर तिनं वरून ओतायचं. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून वस्तीनं ते उभं राहणं सोडलं होतं. मेलो तरी चालेल, पण घागर खाली धरणार नाही, असं ठरलं होतं आणि कुणी मोडलं नव्हतं. मग ओढ्याच्या वाळूत दोन कोसांवर झिरा होता, तिथून पाणी यायचं. एक घागर भरायला वाटीवाटीनं अर्धा तास लागायचा. खाणीवर नेलेल्या अशा एका घागरीवर चाळीस बाया दिवस काढायच्या.

अशा दिवसांत एक जीप आली. त्यातून मडिवाळप्पा नावाचे साहेब उतरले. निलंग्याकडचे, चाळिशीचे, भूजलाच्या खात्यात नुकतेच बदलून आलेले, कमरेच्या पट्ट्याला होकायंत्र अडकवलेलं. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगतो, कारण पुढे मला त्याच्याबद्दल बरंच कडू बोलायचं आहे.

त्यांची कामाची पद्धत बायकांना मोठी गमतीची वाटली. साहेब दगडापुढं उकिडवे बसायचे, होकायंत्र लावायचे, दगडावर उत्तरेकडे बाण काढायचे. मग दगड किती तिरपा आहे ते मोजून एक आडवी रेघ ओढायचे, नंबर घालायचे आणि एवढं सगळं झाल्यावरच तो तुकडा छन्नीनं सोडवायचे.

कोंडाबाईला राहवलं नाही. “सायेब, दगडाला पत्ता कामून लिहून राहिले?”

साहेब हसले, पण त्यांनी उत्तर नीट दिलं. “बाई, दगड जागचा हलला की मुका होतो. तो जमिनीत कसा पडला होता, तोंड कुठं, पाठ कुठं, हे ठाऊक असेल तरच तो काही सांगू शकतो. खुणेआधी उचलला तर फेकून द्यायच्या लायकीचा.”

“आन सांगतो काय त्यो?”

साहेबांनी तिला पट्ट्यांमधले पांढरे दाणे दाखवले. चिंचोक्याएवढे, गोलसर. “हे डोळे म्हणायचे. बघा, प्रत्येक डोळ्याला दोन्हीकडे शेपटी ओढलेली आहे. फार खोल, जमिनीच्या पोटात, हा दगड तापून मऊ झाला होता. तेव्हा वरचा भाग एकीकडे सरकला, खालचा दुसरीकडे. मध्ये हे दाणे सापडले आणि रगडले गेले. शेपट्या कुठं वळल्या ते बघितलं की कोण कुणाच्या अंगावर चढलं ते कळतं.”

“कोन चढलं?”

“दोन मुलूख. एकावर एक चढले आणि मध्ये डोंगर उभा राहिला. हिमालयासारखा. इथंच.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोंडाबाई हसली नाही. “मंग गेला कुटं डोंगर?”

“झिजला. पावसानं, नद्यांनी नेला. आपण बसलोय ते त्याचं मूळ.”

तिनं ते लगेच मानलं. खाणीच्या जागी एकेकाळी टेकडी होती आणि ती टेकडी तिनं स्वतः फोडून उमरीच्या रस्त्यात घातली होती. चार हातांनी टेकडी संपते, तर पावसानं डोंगर संपायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून साहेबांना खाणीच्या तळाशी, वस्तीकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथला दगड खडीला कुचकामी. हातोडा लावला की पापुद्रे सुटायचे, चुरा व्हायचा. मात्र पावसाळा सरून तीन महिने झाले तरी तो कोपरा ओलसर राहायचा. हे तिला पंधरा वर्षं माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं.

साहेब लहान मुलासारखे हरखले. “बाई, इथूनच सरकला तो डोंगर! बघा कसा रगडून निघालाय दगड. हा चुरलेला पट्टा जमिनीत तिरपा उतरलाय, भिंतीला खाट टेकवावी तसा. पाणी यातूनच चालतं. ज्या अंगाला हा पट्टा खाली गेलाय, त्या अंगाला विहीर घेतली तर वीस-पंचवीस हातांवर पट्टा लागेल आणि पाणी लागेल. उलट्या अंगाला शंभर हात खणलं तरी कोरडा कातळ.”

कोंडाबाई पुढं सरकली. “कोन्या अंगाला गेलाय?”

साहेब वाकले. पण दगडावर खाणीची धूळ इतकी बसलेली की पट्टे दिसेनात. त्यांनी फुंकलं, रुमालानं पुसलं. मग सवयीनं हात मागे नेला, शेजारी ठेवलेली घागर उचलली आणि दगडावर ओतली. घळाघळा, अर्धी घागर.

पट्टे एकदम उजळले. डोळे, शेपट्या, सगळं लखलखीत. साहेब बघतच राहिले. बायकाही बघत राहिल्या, पण दगडाकडे नाही. त्यांचं पाणी दगडावरून ओघळून धुळीत जिरत होतं.

कोंडाबाईची तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घण उचलला आणि त्याच ओल्या दगडावर घातला. पोत तिला ठाऊक होता, एका घावात हातभर लांबीचा तुकडा सुटून साहेबांच्या पायाशी पडला. “घ्या! पानी पाजलं न्हवं दगडाला? न्या घरी आता, पूजा करा त्याची! चाळीस बायांच्या तोंडचं पानी हाय ते!”

“अहो बाई, खूण... खूण राहिली!” साहेब ओरडले.

तेवढ्यात कामावरचे ओव्हरसियर नरसिंगराव धावत आले. हे लातूरकडच्या मुरुडचे. तोंड फार आणि काम कमी. त्यांनी कोंडाबाईला साहेबांसमोर नाही नाही ते ऐकवलं, त्या दिवसाची हजेरी कापली आणि खाणीबाहेर काढलं. साहेबांची माफी मागून तुकडा जीपमध्ये टाकायला लावला. सुरुंगाची वेळ झाली होती, शिट्टी वाजली, सगळे पांगले. सुरुंग उडाला आणि त्या कोपऱ्यावर पुरुषभर मलबा येऊन बसला. जमिनीत राहिलेलं दगडाचं खोड त्याखाली गाडलं गेलं. साहेब संध्याकाळी निघून गेले.

दोन महिन्यांनी अहवाल आला. दुष्काळी कामातून प्रत्येक वस्तीला एक विहीर द्यायची होती, आणि करडगावच्या बौद्ध वस्तीसाठी जागा मडिवाळप्पा साहेबांच्या अहवालाप्रमाणे ठरली. पट्टा पूर्वेकडे उतरतो, विहीर खाणीच्या पूर्वेला घ्यावी. खाली सही आणि शिक्का.

कोंडाबाईला ते पटेना. ओल वस्तीच्या अंगाला असायची, म्हणजे पश्चिमेला. पाणी ओतलं त्या क्षणी पट्टे तिच्या डोळ्यांना पश्चिमेकडे झुकलेले दिसले होते, असं तिला वाटत होतं. पण क्षणभरच दिसले, नंतर डोळ्यांवर राग चढला आणि दगडच तुटला. छातीठोक सांगावं तर कशाच्या जोरावर? तरी ती नरसिंगरावांकडे गेली.

“आमच्या मुरुडला कुठंबी खणा, थर लागला की पाणी लागतंय,” ते म्हणाले. “आन खडी फोडणारीनं साहेबाला शिकवायचं का आता?”

वस्तीनं पूर्वेला विहीर खणली. तिच्याच माणसांनी, तिच्याच हातोड्यांनी. वीस हात झाले, तीस झाले, चाळीस झाले. कातळ असा की छन्नीचं तोंड वळायचं. पंचावन्न हातांवर वरून एक धोंडा निसटला आणि कोंडाबाईच्या नवऱ्याच्या, पिराजीच्या, डाव्या पायावर पडला. नांदेडच्या दवाखान्यात पाय वाचला, गुडघा गेला. साठ हातांवर काम थांबलं. आत पाण्याचा पाझरसुद्धा नव्हता. पावसाळ्यात दोन बेडूक पडले, तेही मेले.

गावानं त्या खड्ड्याला नाव ठेवलं ‘कोंडीचा आड’. दगड तिनं दाखवला होता ना! आणि कचेरीच्या वहीत नोंद झाली: करडगाव, बौद्ध वस्ती, विहीर पूर्ण.

ही जी शेवटची ओळ आहे, तिनं दहा वर्षं छळलं. कोंडाबाईची लेक पंचशीला शिकून उमरीच्या शाळेत मास्तरीण झाली, तिनं सुवाच्य अक्षरात अर्जावर अर्ज लिहिले. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं. आपल्या वस्तीस विहीर देण्यात आलेली आहे. वस्तीत येऊन बघा म्हटलं तर उन्हात यायला कुणाला फुरसत नसायची. एकानं तर विचारलं, विहीर आहे हे कबूल करता ना? मग पाणी नाही ही वेगळी तक्रार झाली, तिचं टेबल वेगळं. असल्या माणसांना साठ हात खाली उतरवून ठेवलं पाहिजे, दुसरा इलाज नाही.

पिराजी स्वभावानं थंड. काठी टेकत म्हणायचा, “कोंडे, तुझ्या रागाला जर नळ लावला असता, तर वस्ती न्हाऊन निघाली असती.” ती त्याच्यावरही खेकसायची. पण त्याच्या गुडघ्याला तेल लावताना तिला दर वेळी तो घणाचा घाव आठवायचा, आणि तिचा हात हलका व्हायचा.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याचे फटाके करडगावला ऐकू आले नाहीत. त्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला, मात्र रस्त्याचं काम निघालं आणि बंद पडलेली खाण पुन्हा उघडली. माघाच्या महिन्यात मजूर वस्तीकडच्या कोपऱ्यातला मलबा उपसू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी कुणाच्या तरी फावड्याला दगडाचं खोड लागलं. पापुद्र्याचा दगड, वरून ताशीव तुटलेला. कोंडाबाई पुढं झाली आणि तिनं तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. स्वतःचा घाव तिनं दहा वर्षांनी ओळखला.

खोड जमिनीत घट्ट होतं, जिथं डोंगरानं ठेवलं होतं तिथंच. आणि ते पश्चिमेकडे झुकलेलं होतं. सरळ वस्तीखाली. दहा वर्षं ती दोन कोसांवरून घागरी आणत होती आणि पाणी तिच्या चुलीखालून चाललं होतं.

तिला राग अनावर झाला. घण शेजारीच पडलेला होता. तिनं तो लाथेनं दूर सारला.

“कुनी हात लावायचा न्हाई,” ती मजुरांना म्हणाली. “आदी खूण.”

संध्याकाळी पुन्हा सुरुंग उडणार होता. मुकादम थांबायला तयार नव्हता, साहेब बोलावून आणण्याइतका वेळ नव्हता. तिनं पहार जमिनीत उभी रोवली आणि सावली आखूड व्हायची वाट बघत बसली. माघातली दुपारची सावली उत्तरेला पडते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सर्वांत आखूड झाली त्या क्षणी तिनं दगडावर छन्नीनं बाण कोरला. मग जेवणाची थाळी दगडाला लावली, तीत वाटीभर पाणी ओतलं आणि पाण्याच्या कडेशी जुळवून आडवी रेघ मारली. ते पाणी तिनं सांडलं नाही, पिऊन टाकलं. नंतर पोत बघून, हळू, तिनं खोडाचा वरचा भाग सोडवला.

रविवारी पंचशीला आली, आणि सोमवारी दोघी नांदेडच्या कचेरीत गेल्या. कारकुनानं नावाची वही उलटीपालटी केली. “मडिवाळप्पा साहेब लातूरला गेले. नवा जिल्हा झाला ना. त्यांची कपाटं, पेट्या सगळं तिकडं गेलं. आता आमच्याकडं काही नाही.”

मंगळवारी पंचशीलाची शाळा होती. कोंडाबाई एकटी एसटीत बसली, मांडीवर लुगड्याच्या फडक्यात बांधलेला दगड. लोहा, अहमदपूर, चाकूर. अहमदपूरच्या पुढं रस्त्याकडेच्या विहिरींत काळे आडवे थर दिसू लागले. नरसिंगराव आठवला आणि तिनं खिडकीबाहेर थुंकून घेतलं.

लातूरला सगळंच नवं होतं. भाड्याच्या घरात कचेरी, पाटीचा रंग ओला, दाराशी नवा शिपाई. “कुठून आल्या? धर्माबाद? मग नांदेडला जा. तो जिल्हा तुमचा.”

“नांदेडवाले म्हणतेत लातूरला जा.”

“मग पुन्हा नांदेडला जा.”

“बाबा,” कोंडाबाई म्हणाली, “जिल्हे तुमी तोडले. दगड तुटायच्या आदी मला इचारायला पायजे होतं, आन जिल्हा तोडायच्या आदी बी.” आणि दगड मांडीवर घेऊन तिनं दारातच बसकण मारली. तीन तास ती उठली नाही. शेवटी साहेबच जेवायला बाहेर निघाले आणि अडखळले.

त्यांनी तिला ओळखलं नाही. दगड ओळखला. केस पिकले होते, चष्मा आला होता, पण डोळे आणि शेपट्या बघताच चेहरा पूर्वीसारखा उजळला. “हा कुठला? करडगावचा? अहो, याचा जोड माझ्याकडं आहे!”

“म्हाईत हाय. त्योच बघाया आले.”

आत पेट्यांच्या ढिगातून त्यांनी ती पेटी काढली. तुकड्यावर पांढऱ्या रंगात नंबर, त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि काळ्या शाईतला बाण. साहेबांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून जुळवले. कडा कडेला अशी बसली की मधला सांधा दिसेना. पट्ट्याला पट्टा मिळाला. एक पांढरा डोळा बरोबर मधून फुटला होता, तो पुन्हा पुरा झाला.

आणि दोन बाण एकमेकांकडे पाठ करून उभे होते. एकाची उत्तर ती दुसऱ्याची दक्षिण.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही बाण पुन्हा बोटानं तपासले. मग म्हणाले, “तुमचा बाण चुकला असेल.”

“पहारीची सावली घेतली. थाळीत पानी धरून रेघ मारली. तुमी कसा काढला?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. तुकडा खुणेविना आला होता. अहवाल तर द्यायचा होता. आजूबाजूचे बाकीचे दगड पूर्वेला झुकलेले होते, म्हणून हाही तसाच असणार असं धरून त्यांनी कचेरीत टेबलावर बसून बाण काढला. नंतर याच दगडावर त्यांनी मोठा लेख लिहिला, परिषदेत वाचला. शेपट्यांवरून सिद्ध केलं की पूर्वेचा मुलूख पश्चिमेवर चढला आणि तो डोंगर उभा राहिला. त्या लेखावर बढती झाली. बाण उलटा झाला तर डोंगरही उलटा होत होता.

“पण बाई,” ते एकदम ताठ झाले, “खूण मी करणारच होतो. दगड तोडला कुणी? तुम्ही.”

हे वाक्य तिला लागलं. दहा वर्षं ती हेच स्वतःला म्हणत आली होती. पिराजीच्या गुडघ्याला तेल लावताना, कोरड्या आडाशेजारून जाताना. खोटं म्हणायची सोय नव्हती.

“हाव,” ती म्हणाली. “तोडला म्या. पानी सांडलं, राग आला, तोडला. गावासमोर कबूल करीन. पर बाण कुनी काढला, सायेब? म्या न्हाई काढला. तुमाला म्हाईत नव्हतं, तर ‘म्हाईत न्हाई’ येवढंच लिवायचं व्हतं. दोन शब्द. माज्या मालकाचा पाय ऱ्हायला असता. वस्ती साठ हात खोटं खणत गेली न्हसती. म्या रागात चुकले, तुमी थंड डोक्यानं चुकलाव!”

बाहेर टंकलेखनाचा आवाज चालू होता तो थांबला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, लिहीन, दुरुस्तीचं पत्र लिहीन, पण आता जिल्हा वेगळा, वरून परवानगी लागेल, जुना अहवाल मागे घ्यायचा म्हणजे चौकशी होईल. बघतो. एवढं ऐकलं आणि कोंडाबाईला कळलं की इथंही तोंडाला पानंच पुसली जाणार. तिनं दोन्ही तुकडे फडक्यात बांधले.

“तो सरकारी नमुना आहे,” साहेब कसेबसे म्हणाले.

“मंग सरकारला म्हना, करडगावला ये. उतरून घे.”

त्यांनी अडवलं नाही.

पत्र आलं नाही. वस्तीनं वाटही बघितली नाही. होळी झाल्यावर कोंडाबाईनं खाणीच्या कडेपासून पश्चिमेला पंचवीस हात मोजले, तिथं पहार रोवली आणि म्हणाली, हितं. कुणी म्हणालं, पुन्हा कोंडीचा आड होईल. पिराजी काठी टेकत पुढं आला, खड्ड्याच्या जागेवर बसला आणि पहिला टिकाव त्यानंच बसल्या बसल्या मारला. मग बाकीच्यांनीही टिकाव उचलले. खाणीतून दमून आलेली माणसं दिवस मावळेपर्यंत खणायची, सुट्टीच्या दिवशी बायाही उतरायच्या. वीस हातांवर कातळ बदलला. हातोड्याचा आवाज भद्द येऊ लागला, पापुद्रे सुटू लागले. कोंडाबाईनं एक चिमूट चुरा उचलून गालाला लावला. गार होता. तेवीस हातांवर पहार आत गेली आणि बाहेर काढली तशी मागोमाग पाण्याची धार आली. खाली उतरलेली माणसं ओरडत वर आली, वरची रडायला लागली. कोंडाबाईही रडली आणि रडता रडता नरसिंगरावाला, कारकुनाला, शिपायाला, मडिवाळप्पाला एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत राहिली. अशी शिवीगाळ वस्तीला पुन्हा ऐकायला मिळाली नाही.

विहिरीला कठडा बांधला तेव्हा तिनं दोन्ही तुकडे जुळवून सिमेंटात बसवले. रहाटाच्या बरोबर समोर, पाणी ओढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. दोन बाणांसकट.

मडिवाळप्पा साहेब आले ते सहा वर्षांनी, निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना. कुणी कॉलेजातली पोरं सहलीला येऊन तो दगड बघून गेली होती आणि त्यांनी साहेबांना आद्याक्षरांचा अर्थ विचारला होता. साहेब कठड्याशी उभे राहिले. “कोंडाबाई,” या वेळी त्यांनी नावानं हाक मारली, “एवढी अक्षरं आणि तो बाण... गिलावा मारून झाकला तर चालेल का? माझं वय झालंय आता.”

कोंडाबाईनं रहाट फिरवला, घागर वर ओढली आणि काठोकाठ भरलेली घागर तिनं त्या दगडावर ओतली. सगळी. पाणी कठड्यावरून वाहिलं, साहेबांचे बूट भिजले. धूळ गेली. पट्टे उजळले, डोळे उघडले, शेपट्या स्पष्ट झाल्या आणि दोन बाण दोन दिशांना दिसू लागले. बघणाऱ्या बायकांपैकी कुणीही हळहळलं नाही.

“यंत्र हाय न्हवं कमरंला?” ती म्हणाली. “लावा.”

साहेबांनी होकायंत्र काढून कठड्यावर ठेवलं. काटा थोडा हलला आणि थांबला. दगड तर सिमेंटात तिनंच बसवला होता, त्यावरून काही ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी खाणीकडे बघितलं, विहिरीत वाकून आतल्या भिंतीत उतरत गेलेला पापुद्र्याचा पट्टा बघितला, पुन्हा काट्याकडे बघितलं. पट्टा वस्तीखाली, पश्चिमेकडे चालला होता.

“वही हाय का?”

“आहे.”

“मंग हितंच लिवा. माज्यासमोर. पयल्यांदा लिवलेलं चुकलं व्हतं म्हणून लिवा, आन सही करा.”

ते उभ्या उभ्या लिहू लागले. वेळ लागला, कारण डोंगर पुन्हा सगळा उलटा मांडायचा होता. कोंडाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. शेवटी त्यांनी सही केली, तिनं वही घेतली, वाचता येत नव्हतं तरी सहीवर बोट ठेवून बघितलं, आणि मग दुसरी घागर ओढून त्यांना प्यायला पाणी दिलं.